गुन्हेगाराच्या आधी साक्षीदार

बी.ए.ला फॉरेन्सिक सायकॉलॉजी घेणारी बहुतेक मुलं सीरियल किलरच्या मालिका बघून आलेली असतात. मी मात्र सुरुवात साक्षीदारापासून करते. तास चालू असताना एक अनोळखी माणूस आत येतो, टेबलावरचं हजेरीपत्रक उचलतो आणि निघून जातो. मग प्रत्येकानं काय पाहिलं ते लिहायचं. शर्ट कुणी निळा लिहितं, कुणी राखाडी; एखाद-दोघं तर त्याला नसलेला चष्माही लावतात. खोटं कुणीच बोलत नसतं.

यानंतर रोनाल्ड कॉटनची केस घेते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामध्ये १९८४ साली बलात्कार झालेल्या तरुणीनं आधी फोटोंतून, मग ओळख परेडमध्ये त्यालाच ओळखलं. कोर्टातही ती ठाम राहिली. १९९५ मध्ये डीएनए चाचणीनं तो निर्दोष ठरला. गुन्हेगार दुसराच होता. कॉटनची दहा वर्षं तुरुंगात गेली. आठवण कशी बदलते हे पोलिसांना आणि वकिलांना शिकवलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

कायदाही वाचावा लागतो. संमतीशिवाय नार्को किंवा पॉलिग्राफ चाचणी करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सेल्वी खटल्यात दिला. त्यावर वर्गात जोरदार वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत.

नुसत्या पदवीवर मात्र कुणी फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट होत नाही. पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं. पालकांनो, प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमात संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती किती शिकवतात, ते जरूर पाहा.