स्मृतिभ्रंश आणि घरच्यांचे कर्तव्य : मोजमाप कशासाठी?

वृद्ध रुग्णासोबत रुग्णालयात येणाऱ्या व्यक्तीची नोंद आपण 'नातेवाईक' या एका शब्दात करतो. रुग्णाचे वय, रक्तदाब, औषधे हे सर्व केसपेपरवर लिहिले जाते; परंतु त्याच्या उशाशी रात्र जागून काढणाऱ्या सुनेची, पत्नीची वा मुलाची अवस्था कोठेच लिहिली जात नाही. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते, कारण या आजारात औषधाचा वाटा मर्यादित असून घरच्यांच्या शुश्रूषेचा वाटा फार मोठा असतो. म्हणून प्रस्तुत अहवालात या विषयाची थोडी माहिती देत आहोत.

स्मृतिभ्रंश म्हणजे वयोमानाचा साधा विसराळूपणा नव्हे. मेंदूच्या पेशींचा ऱ्हास होऊन स्मरण, स्थळकाळाचे भान, बोलणे आणि वागणे क्रमाक्रमाने बिघडत जाते. सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतातील ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना हा विकार आहे. त्याचे प्रमाण शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले. आपल्या गोंदियासारख्या ग्रामीण जिल्ह्याने याची दखल घेणे अगत्याचे आहे. तथापि 'म्हातारचळ लागला' एवढे म्हणून अनेक घरांतून विषय संपविला जातो.

आई-वडिलांची सेवा हा आपल्याकडे धर्म मानला जातो. पुंडलिकाची कथा प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे, आणि वृद्धांच्या निवृत्तिवेतनाच्या शासकीय योजनेलाही श्रावणबाळाचेच नाव आहे. ही कर्तव्यभावना मोजण्याची वस्तू आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु शास्त्रज्ञांनी ती मोजली आहे, आणि त्यातून हाती आलेली गोष्ट महत्त्वाची आहे.

सन १९८७ मध्ये अमेरिकेत साबोगाल आणि सहकाऱ्यांनी कुटुंबनिष्ठेची एक प्रश्नावली तयार केली. प्रत्येक विधानाशी आपण कितपत सहमत आहोत हे उत्तर देणाऱ्याने सांगावयाचे असते. तिच्यातून कुटुंबनिष्ठेची तीन वेगवेगळी अंगे दिसून आली : नातेवाइकांप्रति कर्तव्य, अडचणीत नातेवाईक धावून येतील हा भरवसा, आणि घरच्यांच्या मताप्रमाणे वागण्याची वृत्ती. काळजी घेणाऱ्यावर पडणारा भार मोजण्यासाठी झॅरिट यांची निराळी प्रश्नावली आहे. तिच्या प्रचलित रूपात २२ प्रश्न असून प्रत्येकास ० ते ४ असे गुण दिले जातात.

ही अंगे सुटी करून पाहिली असता चित्र पालटते. सन २०१० मध्ये स्पेनमधील काळजीवाहकांविषयी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, आप्तांच्या आधाराचा भरवसा ज्यांना होता त्यांना भार कमी जाणवला. उलट केवळ कर्तव्याची जाणीव तीव्र असलेल्यांत, स्वतःसाठी घटकाभर वेळ काढणेही अपराध वाटावे अशा विचारांचे प्रमाण अधिक होते, आणि त्या विचारांचा संबंध नैराश्याशी होता. तात्पर्य, कर्तव्य मोठे आणि आधार थोडा, अशी व्यक्ती सर्वांत धोक्यात असते. दोन्ही गुण एकत्र मिळविले तर तीच व्यक्ती कागदावर सुखरूप दिसते.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. तेथे सन २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वृद्धांना कुटुंबाचा आधार समजला जातो तितका खात्रीचा नाही, असे आढळले. सेवा अनेकदा वारसाहक्काच्या अपेक्षेशी जोडलेली होती. पुढे ८१ कुटुंबांचा आणखी एक अभ्यास झाला. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते सहा महिने, किमान पंधरवड्यातून एकदा, रुग्णाच्या घरी जात, आजार समजावून देत आणि कामाची वाटणी करण्यास घरच्यांना मदत करीत. सन २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काळजीवाहकांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वागणुकीमुळे होणारा त्रास कमी झाला. तेथे कोणालाही कर्तव्याचा उपदेश करावा लागला नाही. मदतीचा हात मात्र द्यावा लागला.

आपल्याकडे अशी विचारपूस करताना काही पथ्ये पाळावी लागतील. पहिले, सासूसमोर सुनेला विचारल्यास उत्तर ठरलेलेच असते. म्हणून तिला एकटीला, स्वतंत्र खोलीत विचारले पाहिजे. दुसरे, छापील मराठी सर्वांना पुरेशी नाही. पोवारी, झाडीबोली, गोंडी, छत्तीसगढी बोलणाऱ्यांना प्रश्न त्यांच्या बोलीत समजावे लागतील. तिसरे, रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत बांधीत राबून आलेल्या बाईचा भार इतर महिन्यांसारखा नसतो. तेव्हा नोंद एकदाच घेऊन भागणार नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सन २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियमातील 'मुले' या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू व नात यांचा उल्लेख आहे, सुनेचा नाही. तरी प्रत्यक्ष सेवा बहुधा तिच्याच वाट्याला येते. म्हणून 'आई-वडिलांप्रति कर्तव्य' हा प्रश्न तिला विचारताना शब्द बदलावे लागतात.

येत्या वर्षात स्मृतिभ्रंशाच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरला काळजीवाहकाचे एक स्वतंत्र पान जोडण्याचा आमचा मानस आहे. त्यावर निदान तीन गोष्टी लिहिल्या जातील : रात्री झोप मिळते काय, घरातून आणखी कोणाची मदत होते, आणि मदत मागताना संकोच वाटतो काय. मोजमापाचा हेतू कोणाची सेवावृत्ती तपासण्याचा नाही, कोण एकाकी पडले आहे हे वेळीच ओळखण्याचा आहे.

अहवालाच्या अखेरीस जमा-खर्चाचा ताळेबंद दिला आहे. सुनेच्या जागरणाची रक्कम त्यात कोणत्याही बाजूस मांडलेली नाही, पण ती खर्च होतच असते. देणगीदारांनी या कार्यास हातभार लावावा, आणि रुग्णांच्या कुटुंबीयांनी आठवड्यातून एक रात्र तरी ही जबाबदारी आळीपाळीने वाटून घ्यावी, ही नम्र विनंती.