डेटा आहे, पण पत्ता हरवलाय!

मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याची लाँच पकडून कॉलेज गाठणाऱ्यांनो, ही गोष्ट तुमच्या शेजारची आहे. २७ जून २०१७. 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि आपल्या उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरातल्या, मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम कोलमडलं. कंटेनर जागच्या जागी होते. पण कुठला कंटेनर कुणाचा आणि कुठे जायचा, हे सांगणारी सिस्टीमच आडवी झाली होती.

मर्स्कच्या जगभरच्या नेटवर्कचा नकाशा ज्या सर्व्हरांवर होता, तेही पुसले गेले. एकच वाचला, आफ्रिकेतल्या घानामध्ये. का? तर वीज गेल्यामुळे तो तेव्हा बंद होता म्हणून! त्या एका प्रतीवरून नेटवर्क पुन्हा उभं राहिलं.

आता तुमच्या लॅबमध्ये या. समजा, लिनक्स सर्व्हरवर ५०० जीबी जागा आहे आणि दहा प्रोजेक्ट ग्रुपना प्रत्येकी १०० जीबी 'दिली' आहे. कागदावर १००० जीबी! सगळे एकदम जागा भरत नाहीत, म्हणून हे चालून जातं. याला म्हणतात थिन प्रोव्हिजनिंग. यात प्रत्येकाचा डेटा तुकड्या-तुकड्यांनी डिस्कभर पसरलेला असतो. कुठला तुकडा कुणाचा आणि कुठे, याची वही म्हणजे मेटाडेटा. वही फाटली की डेटा डिस्कवर असूनही तुमच्या हाती लागत नाही.

इथे कामाला येते 'थिन_डम्प' ही कमांड. ती ही वही वाचून साध्या एक्सएमएल फाइलमध्ये उतरवते: या ग्रुपचा अमुक ब्लॉक डिस्कवर तमुक जागी. फाइल उघडून तुम्हीही वाचू शकता. सोबतीला 'थिन_चेक' वही तपासते, 'थिन_रिपेअर' बिघडलेली वही दुरुस्त करायला बघते आणि 'थिन_रिस्टोअर' एक्सएमएलवरून वही पुन्हा लिहिते.

पण तीन गोष्टी गाठीशी बांधा. एक, चालू पूलवर थेट डम्प घेऊ नका. वही वाचता वाचता बदलत असेल, तर नोंदी चुकणारच. पूल बंद करा, नाहीतर मेटाडेटाचा स्नॅपशॉट घेऊन त्यावरून डम्प काढा. दोन, ती फाइल त्याच डिस्कवर ठेवलीत तर काय उपयोग? तीन, हा डेटाचा बॅकअप नाही, आणि जुनी वही आजच्या डिस्कला लावली तर घोळ वाढतो.

मर्स्कला घानात वीज जाण्याने तारलं. तुमच्या फायनल इयर प्रोजेक्टच्या नशिबी असं वीज जाणं असेलच असं नाही. तेव्हा सबमिशनच्या आदल्या रात्रीची वाट न बघता, याच आठवड्यात लॅबमधल्या सरांना किंवा मॅडमना विचारा, ‘आपली वही दुसरीकडे कुठे ठेवलीय?’