विश्लेषण : सिम्युलेशन पूर्ण झाले, मग आलेख का दिसत नाही? ‘एलटीस्पाइस’मध्ये डेटा साठवण्याच्या सेटिंग्ज कशा तपासाल?

प्रकल्प सादर करायला एकच रात्र उरली आहे. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणाऱ्या बक कन्व्हर्टरचे सिम्युलेशन पाऊण तास चालून संपते; पण इंडक्टरमधील करंटचा आलेख काही केल्या मिळत नाही. सर्किटच चुकले असे समजून विद्यार्थी जोडण्या बदलत बसतो. अशा वेळी अनेकदा सर्किट ठीक असते, फक्त हवी ती माहिती फाइलमध्ये साठवलेली नसते. हे कसे ओळखायचे?

गणित होते, मग माहिती जाते कुठे?

‘एलटीस्पाइस’ हे ‘अ‍ॅनालॉग डिव्हायसेस’चे मोफत सॉफ्टवेअर. ते मूळचे ‘लिनिअर टेक्नॉलॉजी’चे, ती कंपनी २०१७ मध्ये ‘अ‍ॅनालॉग डिव्हायसेस’ने ताब्यात घेतली. सिम्युलेशन चालताना संपूर्ण सर्किटचे गणित होते, मात्र ‘रॉ’ फाइलमध्ये ठरावीक व्होल्टेज आणि करंटच लिहिले जातात. कारण फाइलचा आकार. ट्रान्झिएंट विश्लेषणात साधारणपणे वेळेच्या प्रत्येक नोंदीला ८ बाइट आणि प्रत्येक व्होल्टेज किंवा करंटला ४ बाइट लागतात. २० राशी आणि १० लाख बिंदू धरले, तर कॉम्प्रेशनशिवाय सुमारे ८८ एमबी होतात. जे साठवले नाही, ते नंतर पाहता येत नाही. सिम्युलेशन पुन्हा चालवावे लागते.

पहिली तपासणी कोणती?

आलेखाच्या खिडकीत ‘अ‍ॅड ट्रेसेस’ उघडा. फाइलमध्ये साठवलेल्या सर्व राशींची यादी तिथे दिसते. यादीत नाव असेल, तर अडचण फक्त आलेख काढण्याची आहे. नाव नसेल, तर अडचण साठवणुकीची आहे.

टिक केलेली असूनही करंट का नाही?

आधी सर्किटच्या आकृतीत ‘डॉट सेव्ह’ने सुरू होणारी ओळ आहे का, ते पाहा. मित्राकडून किंवा इंटरनेटवरून घेतलेल्या फाइलमध्ये ती हमखास नजरेतून सुटते. ही ओळ असेल, तर तिच्यात लिहिलेल्या राशीच साठवल्या जातात. हवी ती राशी त्या ओळीत जोडा किंवा ओळ तात्पुरती कॉमेंट करा.

ओळ नसेल, तर ‘सेव्ह डिफॉल्ट्स’ तपासा. जुन्या आवृत्तीत ते ‘कंट्रोल पॅनेल’मध्ये, तर नव्या आवृत्तीत ‘सेटिंग्ज’मध्ये मिळते. घटकांमधील करंट, सबसर्किटच्या आतील व्होल्टेज आणि सबसर्किटच्या आतील करंट यांसाठी तिथे वेगवेगळ्या टिक आहेत. ‘डॉट सेव्ह’ ओळीने नेमक्या राशी ठरवल्या असतील, तर या टिक उपयोगी पडत नाहीत. गोंधळ होतो तो इथेच.

सुरुवातीचा भाग गायब का?

‘डॉट ट्रान’ आदेशात डेटा साठवणे कधी सुरू करायचे, ती वेळ देता येते. १० मिलिसेकंदांच्या सिम्युलेशनमध्ये ती ९ दिली, तर शेवटची एक मिलिसेकंदच साठते. रिपल मोजायला ही सोय उत्तम. मात्र, स्विच सुरू होताच येणारा करंटचा झटका त्यात दिसत नाही. तो न पाहता मॉसफेट निवडला, तर कागदावर शांत दिसणारे सर्किट टेबलावर पहिल्याच क्षणी जळू शकते.

आलेख आहे, पण आकडे चुकतात?

हा प्रकार अधिक फसवा. ‘एलटीस्पाइस’ डेटा साठवतानाच तो कॉम्प्रेस करते. त्यामुळे फाइल ५० पटींपर्यंत लहान होऊ शकते, पण थोडी अचूकता जाते. नुसत्या डोळ्यांना लाट ठीक वाटते. ‘एफएफटी’ काढल्यावर मात्र सर्किटमध्ये नसलेला गोंगाट दिसू लागतो. ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरचे डिस्टॉर्शन मोजणाऱ्यांना याचा मोठा फटका बसतो. उपाय म्हणजे ‘डॉट ऑप्शन्स’च्या ओळीत ‘प्लॉटविनसाइझ’ची किंमत शून्य द्यायची. कॉम्प्रेशन बंद होते, फाइल मात्र फुगते. म्हणून आधी डिस्कवरील जागा पाहा आणि गरजेच्या राशीच साठवा.

काल साठवलेली फाइलच सापडत नाही?

‘ऑपरेशन’ टॅबमध्ये ‘रॉ’ फाइल आपोआप पुसण्याचा पर्याय आहे. तो सुरू असेल, तर आधीचे निकाल उरत नाहीत. आलेखाची मांडणी वेगळ्या ‘पीएलटी’ फाइलमध्ये राहते. तीत रंग आणि अक्ष असतात, मोजमापे नाहीत. त्यामुळे फक्त तीच जपून उपयोग नाही.

कायमची सवय कोणती लावावी?

‘सेव्ह डिफॉल्ट्स’च्या टिक त्या त्या संगणकापुरत्या असतात. घरच्या लॅपटॉपवर दिसलेला आलेख कॉलेजच्या लॅबमध्ये दिसेलच असे नाही. कॉम्प्रेशनच्या टॅबमधील बदल तर प्रोग्राम बंद होताच विसरले जातात. म्हणून महत्त्वाच्या सेटिंग्ज आकृतीवरच आदेशाच्या ओळी म्हणून लिहा, म्हणजे त्या फाइलबरोबर जातील. लांबलचक सिम्युलेशनआधी एक छोटी चाचणी चालवून ‘अ‍ॅड ट्रेसेस’ची यादी तपासा. या दोन मिनिटांनी तो पाऊण तास वाचतो आणि मुळात बरोबर असलेले सर्किट विनाकारण मोडले जात नाही.