घोडनदी नावाची पेठ

पुण्याहून नगरकडे जाताना सत्तरएक किलोमीटरवर घोड नदी आडवी येते. अलीकडच्या काठावरील गावाचे सरकारी दप्तरातील नाव शिरूर. आपल्या समाजातील लग्नपत्रिका मात्र अजूनही कंसात का होईना ‘घोडनदी’ असे आवर्जून छापतात. वडीलधाऱ्यांच्या तोंडी तर तेवढे एकच नाव.

ही पेठ बहरली ती लष्करी छावणीच्या आश्रयाने. १८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांची तैनाती फौज येथे राहिली. १८१७ च्या अखेरच्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी कोरेगावच्या लढाईसाठी निघाली, ती येथूनच. आज ‘पूना हॉर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घोडदळाचा आरंभही येथलाच. छावणी म्हटली की दाणावैरण, कापडचोपड, हुंडी आणि उधारी ही आलीच; मारवाडातून आलेल्या आपल्या पूर्वजांनी तो व्यवहार सांभाळला.

१८०९ मध्ये येथे निवर्तलेल्या कर्नल वॉलेसच्या कबरीला लोक ‘सत्पुरुष’ मानून नैवेद्य दाखवू लागले. जुन्या गॅझेटियरने याची नोंद करताना एक बारकावा टिपला आहे : ब्राह्मण आणि मारवाडी सोडून सारे हिंदू तेथे पूजेस जातात. साहेबाशी देवघेव करणाऱ्यांनी त्याला देव मानले नाही, यात नवल ते काय!

१८६८ मध्ये नगरपालिका झाली. पण तोवर रेल्वेने आपली वाट निवडली होती. १८५८ मध्ये पुण्यास पोहोचलेला लोहमार्ग पुढे भीमाकाठच्या दौंडवरून सोलापूरकडे वळला आणि १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्गाने नगरही जोडले गेले. घोडनदीवरून बैलगाड्यांनी जाणारा नगरचा माल आता आगगाडीने दौंडमार्गे जाऊ लागला. पुढे छावणीही उठली. गंमत अशी की, दौंडबाहेरच्या नव्या जोडमार्गामुळे पुणे–नगर धावणाऱ्या कित्येक गाड्या आता मुख्य दौंड स्थानकातही शिरत नाहीत.

एका वर्गाला मात्र या रुळांशी कधीच कर्तव्य नव्हते. साधू-साध्वी वाहनात बसत नाहीत. पुण्याहून नगरला विहार करायचा तर घोडनदीचा मुक्काम ठरलेला. व्यापार ओसरला, तरी स्थानकात व्याख्यान होत राहिले, गोचरीसाठी घरे उघडी राहिली. आगगाडीने वगळलेल्या गावाला पायी चालणाऱ्यांनी वगळले नाही, ही गोष्ट मला त्या सर्व लढायांहून मोलाची वाटते. आज त्याच रस्त्यावर रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीची अवजड वाहने धावतात आणि पहाटेच्या विहारात संघाचे कार्यकर्ते जीव मुठीत धरून सोबत चालतात.

आता शहरच चालून येत आहे. याच मार्गावरील वाघोली, जिथे १९९३ च्या भूकंपातील अनाथ मुलांना भारतीय जैन संघटनेने आसरा दिला, ती २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. त्याआधी चिंचवडचे तेच झाले. मोरया गोसावींचे ते गाव आज एका जोडनावाचा उत्तरार्ध आहे. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांचा काही भाग आहे. शिरूर हे नाव नकाशावर राहील. ‘घोडनदी’चे काय, हा प्रश्न आहे, कारण ते नाव कोणत्याही अधिसूचनेने दिलेले नाही, आणि काढायलाही अधिसूचना लागणार नाही.

त्या पेठेचा खरा इतिहास जुन्या घरांच्या माळ्यांवर आहे : रोजमेळ, खतावण्या, मोडीतील आणि महाजनी लिपीतील पत्रे. कोणत्या वर्षी धान्य कोणत्या भावाने गेले, दुष्काळात कोणाचे व्याज सोडले, स्थानकासाठी कोणी किती दिले, हे अशाच कागदांत सापडते. ती अक्षरे वाचणारे आता मोजकेच उरले आहेत. वाडे पाडून इमारती उठत असताना या वह्या रद्दीत जातात. ज्यांच्याकडे त्या असतील, त्यांनी वडिलांना शेजारी बसवून निदान घराण्याचे नाव आणि साल प्रत्येक वहीवर आज लिहून ठेवावे.