ओतशाळेवर वसलेले गाव

पुणे–मिरज लोहमार्गावरच्या कुंडल रोड या लहानशा स्टेशनाचे नाव किर्लोस्करवाडी झाले, ते शेजारच्या कारखान्यामुळे. या वाडीची जन्मकथा अनेक मराठी वाचकांना ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा ३२ एकरांचा माळ आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले, आणि १९१० साली साप-निवडुंगांच्या त्या माळावर वसाहतीला आरंभ झाला. गौरवग्रंथांत कथा इथून थेट भरभराटीकडे वळते. तिच्यात खोटे काही नाही. मात्र सगळा भार राजाची उदारता आणि उद्योजकाची जिद्द या दोनच खांबांवर पडतो, आणि गाव नेमके कशावर तगले हा प्रश्न बाजूला राहतो. ते तगले लोखंडाच्या ओतकामावर, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. किर्लोस्कर कुटुंबाचे खरे मोठेपण असे की, हे अवघड कसब त्यांनी जगाने नापास ठरवलेल्या माणसांच्या हाती विश्वासाने दिले. त्यांचे उणेही त्याला लागूनच आहे. कसब वाटले गेले, पण गावावरचा अधिकार वाटला गेला नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवत असताना बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून त्यांनी भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलींच्या धंद्यात लक्ष घातले. मग आले कडबा कापायचे यंत्र, आणि त्यानंतर लोखंडी नांगर. ज्या राजाने पुढे जमीन दिली तो स्वतः चित्रकार होता. या दोघांचे सूत जुळण्यात त्याचाही वाटा असावा.

नांगराचे गिऱ्हाईक सहजासहजी मिळाले नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीपायी पहिले नांगर कित्येक महिने पडून राहिले. या समजुतीला अडाणीपणा म्हणून हसण्याची रीत आहे, पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याच्या नकारात व्यवहारही दिसतो. लाकडी नांगर गावचा सुतार करत असे, त्याला लागणारी लोखंडी पट्टी लोहार ठोकून देत असे, आणि दोघांचे देणे सुगीला धान्याच्या रूपाने बलुत्यातून भागत असे. लोखंडी नांगर मात्र रोख पैशांनी घ्यायचा, आणि त्याचा फाळ झिजला की पुन्हा रोख पैसे मोजून दूरच्या कारखान्यातून नवा मागवायचा. ज्याच्या हाती वर्षातून एकदाच पैसा यायचा, त्याने अशा अवजारापासून लांब राहण्यात मोठी चूक होती असे म्हणवत नाही. तरी कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे इतकी खोल जातात की लाकडी नांगर वरची ढेकळे फोडतो आणि तण पुन्हा उगवून येते. जड लोखंडी नांगराला बैलांच्या दोन-तीन जोड्या लागत, पण तो ती मुळे खालून उलथून उन्हात टाकत असे. हा फरक शेजाऱ्याच्या रानात डोळ्यांनी दिसू लागला आणि मागणी वाढू लागली.

फाळ ओतायचा म्हणजे काय करायचे, ते इथे थांबून पाहायला हवे, कारण या वाडीचे सगळे अर्थकारण त्यात आहे. बीड भट्टीत वितळवून वाळूच्या साच्यात सोडले आणि सावकाश निवू दिले, तर करड्या रंगाचे, काहीसे मऊ ओतीव निघते. त्याला धार टिकत नाही. तेच बीड झटकन थंड झाले तर पांढरे, काचेसारखे कडक होते, पण दगडाला आपटताच तडकते. फाळाला दोन्ही गुण हवेत: टोक आणि तळ कडक, बाकी अंग सोसणारे. इंग्लंडात रॉबर्ट रॅन्समने १८०३ साली यावरचे पेटंट घेतले. साच्यात जिथे कडकपणा हवा तिथे वाळूऐवजी लोखंडाचा तुकडा बसवायचा, म्हणजे त्या बाजूचे बीड तत्काळ निवते आणि बाकीचे वाळूत हळूहळू. तत्त्व दोन ओळींत सांगता येते, हातात यायला मात्र वर्षे जातात. वाळू किती ओली, किती घट्ट ठोकायची, वाफेला वाट कुठे ठेवायची, रस किती तापल्यावर ओतायचा, हे पुस्तकात वाचून कळत नाही. वाळू मुठीत दाबून मोडली की तिच्या कडेवरून ओलावा ओळखणारा कारागीर हाच ओतशाळेचा जीव असतो. शिवाय फाळ अदलाबदलीचा हवा, म्हणजे आज घेतलेल्या नांगराला चार वर्षांनी मागवलेला फाळ बिनतक्रार बसला पाहिजे. लोहाराने ठोकलेल्या प्रत्येक वस्तूचे माप वेगळे असले तरी चालत असे. इथे शेकडो फाळांचे माप एकच ठेवणारी शिस्त लागत होती, आणि ती शिस्त वाडीने आसपासच्या खेड्यांतल्या माणसांना लावली.

ही माणसे कोण होती, हे या कथेतले मला सर्वांत मोलाचे वाटते. के. के. कुलकर्णी शिक्षणात अयशस्वी ठरलेले. वाडीत ते व्यवस्थापक, विक्रेते आणि पडेल ते काम करणारे झाले. अनंतराव फळणीकर शाळा सुटलेले विद्यार्थी; ते कल्पक यंत्रज्ञ झाले. मंगेशराव रेगे कारकुनी करता करता साऱ्या हिशेबाचे धनी झाले. रात्रीचा पहारा होता शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोशी आणि पिर्‍या मांग यांच्याकडे. रामोशाने गावाची राखण करणे ही जुनीच रीत, त्यात नवे ते काय, असे कोणी म्हणेल. पण इंग्रजी राजवट अशा जमातींकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहत होती, त्या काळात तुरुंग पाहिलेल्या माणसाच्या ताब्यात कारखान्याचा माल ठेवणे हा वंशपरंपरागत वतनाचा भाग नव्हता. तो माणसाविषयीचा निर्णय होता. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडकही त्याच निर्णयाशी जुळतो. परदेशी कारखानदारांनी कामगारांसाठी वसवलेल्या गावांविषयी त्यांनी वाचले होते, आणि तसे गाव त्यांना इथे हवे होते. वसाहतीच्या आखणीचा आणि कारभाराचा भार रामूअण्णांनी वाहिला.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, जमीन राजाने दिली, रेल्वे दाराशी होती, पहिल्या महायुद्धाने परदेशी माल रोखून धरला. मग कुटुंबाचे कर्तृत्व उरले कुठे? या आक्षेपाला कऱ्हाडजवळची ओगलेवाडी उत्तर देते. तिथेही पंतप्रतिनिधींचाच आधार होता, तिथेही रेल्वे होती, आणि ओगले बंधूंची हुशारी कमी नव्हती. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. पण खेड्यांत वीज आल्यावर कंदिलाचे दिवस संपले आणि पुढे तो कारखाना बंद पडला. नांगराचे गिऱ्हाईकही ट्रॅक्टरने नेलेच, मात्र तोवर वाडीची ओतशाळा दुसरे काही ओतायला शिकली होती. १९२६ च्या सुमारास तिथे पंप तयार होऊ लागले. पंपाचे कवच आतून पोकळ आणि शंखासारखे वळत जाणारे असते. ती पोकळी मिळवायला साच्यात वाळूचाच गाभा बसवावा लागतो. गाभा तसूभर सरकला तर कवचाची एक भिंत जाड होते, दुसरी पातळ, आणि पाण्याच्या दाबाने फुटते. फाळ ओतणाऱ्याला हे एका दिवसात येत नाही, पण वाळू आणि वितळलेला रस यांच्याशी ज्याची ओळख आहे त्याला शिकता येते. म्हणून राजाची देणगी सारखी असूनही दोन वाड्यांचे नशीब सारखे झाले नाही. हातातले कसब दुसऱ्या वस्तूकडे वळवण्याची दृष्टी किर्लोस्करांकडे होती, आणि तसे वळवता येणारा धंदा त्यांनी निवडला होता.

याच माळावरून शं. वा. किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढले, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’. कारखान्याच्या मालाची खबर देणारे पत्रक महाराष्ट्रातल्या विचारी घरांचे मासिक झाले, ही स्वतंत्र लेखाची गोष्ट आहे. इथे एवढेच नोंदवायला हवे की, स्त्रियांच्या शिक्षणाविषयी आणि बुवाबाजीविषयी सडेतोड लिहिणारी ही मासिके एका कारखान्याच्या वसाहतीतून निघत होती.

आता अवघड भाग. वाडीत मालक, घरमालक आणि नगरपालिका हे तिन्ही एकच होते. नोकरी गेली की घर गेले, आणि निवृत्त झालेल्यालाही ते सोडणे आले. मालक सहृदय असेल तोवर हे सुखाचे, हा बचाव मला पुरेसा वाटत नाही, कारण सहृदयतेविरुद्ध तक्रार कुठे करायची याची सोय त्यात नसते. त्याच औंध संस्थानात १९३९ साली खेड्यांच्या हाती कारभार देणारी राज्यघटना आली. राजाने आपले अधिकार पंचायतींकडे सोपवण्याची तयारी दाखवली. कारखान्याच्या गावातली सत्ता मात्र कार्यालयातूनच चालणारी राहिली. असे केले नसते तर भट्टी थंड पडली असती, हे उत्तर अर्धेच खरे आहे. पाळीची वेळ आणि मालाचे माप हा कार्यालयाचा विषय मानला, तरी पाणी, रस्ते आणि शाळा यांवर रहिवाशांचे मत घेण्यात ओतकामाचे नुकसान नव्हते.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली गेली. या जाळपोळीचे कसलेही समर्थन होऊ शकत नाही. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी हजारोंची घरे जाळण्यात न्याय नव्हता, आणि अस्पृश्यता मोडणाऱ्या वसाहतीला तर त्याची झळ लागण्याचे काही कारणच नव्हते. पण इतक्या वर्षांच्या शेजारानंतर ही वाडी आजूबाजूच्या अनेकांना ‘त्यांची’ वाटत राहिली, हेही त्या आगीने दाखवले. रोजगार देण्याने जे अंतर मिटेल असे वाटले होते, ते कारभारात वाटा न मिळाल्याने शिल्लक राहिले असावे, असा माझा तर्क आहे. कारखाना पुन्हा उभा राहिला. कुटुंबाची नवी झेप मात्र बाहेर पडली होती: यंत्रे बनवणारे हरिहर १९४१ मध्ये, तेल इंजिने बनवणारे पुणे १९४६ मध्ये. शंतनुराव किर्लोस्करांच्या काळात उद्योगसमूहाचा कणा शहरांकडे सरकला. त्यांनी वाडी सोडून दिली असे नाही, तिथे आजही पंप ओतले जातात. निर्णयांचे ठिकाण मात्र दूर गेले.

गाव यानंतर वाढले ते कुंपणाबाहेर, पलूस आणि रामानंदनगरच्या बाजूला, जिथे माणसाला स्वतःची जागा घेता येत होती आणि मतही देता येत होते. १९९९ साली पलूस स्वतंत्र तालुका झाला. ओतकामाचे कसब तर आता सांगली-कोल्हापूरच्या साऱ्या पट्ट्याचे आहे, त्यातले एकट्या वाडीने किती पेरले याचा वाद घालता येईल. काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. भट्टीच्या धगीत आणि वाळूच्या धुळीत उभे राहायला इथल्या कारागिरांची मुले तयार नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्या जागी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले तरुण या पट्ट्यातल्या ओतशाळांत साचे ठोकतात. २०२० च्या टाळेबंदीत ते गावी परतले तेव्हा कोल्हापूरच्या कारखान्यांना माणसे मिळेनात. या तरुणांना कोणी वसाहत बांधून दिलेली नाही, आणि त्यांचे मतदार यादीतले नाव बहुधा हजार मैलांवरच्या गावात असते. १९१० साली वाळूचा ओलावा ओळखणारा माणूस टिकवायचा तर त्याला आधी घर, पाणी आणि शाळा द्यावी लागते, हे एका कुटुंबाने ओळखले होते. आज एकाच कुटुंबाने ते करावे अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे ठरेल. ओतशाळांच्या संघटना आणि नगरपालिका यांनी मिळून भाड्याची चांगली घरे बांधावीत, आणि त्या घरांच्या कारभारात साचे ठोकणाऱ्यांना जागा द्यावी, ही मागणी आता व्हायला हवी. अशा घरांत राहणारा मोल्डर चार वर्षे टिकला, तर पुढच्या शिकाऊ मुलाला गाभा बसवायला शिकवणारा माणूस तरी जागेवर असेल.