वॉशिंग्टन नॅशनल कॅथेड्रलचा वसंत : उपासना, संगीत आणि लोकमेळा

अमेरिकेच्या राजधानीत, माउंट सेंट ऑल्बन नावाच्या टेकडीवर उभे असलेले वॉशिंग्टन नॅशनल कॅथेड्रल हे एपिस्कोपल पंथाचे, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमधून निघून अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर आपली स्वतंत्र घटना स्वीकारणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे, देवालय आहे. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते त्याला कॅथेड्रल म्हणतात, आणि येथे वॉशिंग्टनच्या बिशपबरोबरच संपूर्ण पंथाच्या अध्यक्षीय बिशपचेही आसन आहे. दिवंगत राष्ट्राध्यक्षांच्या अंत्यविधींमुळे ही वास्तू जगाला दूरचित्रवाणीवरून परिचित झाली असली, तरी तिचे रोजचे जीवन अशा प्रसंगांवर चालत नाही. ते चर्चच्या वार्षिक कालगणनेवर चालते, आणि त्या कालगणनेतील सर्वांत भरगच्च भाग वसंत ऋतूत येतो.

राजधानीचा आराखडा करणाऱ्या प्येर लांफांने १७९१ मध्येच राष्ट्रीय प्रयोजनांसाठी एका मोठ्या चर्चची कल्पना मांडली होती. परंतु राज्यघटनेने शासन आणि धर्मसंस्था यांना परस्परांपासून दूर ठेवल्यामुळे ती शासनाच्या हातून साकार होणे शक्य नव्हते. अखेर १८९३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने एका खासगी प्रतिष्ठानाला सनद दिली, २९ सप्टेंबर १९०७ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या उपस्थितीत पायाभरणी झाली, आणि इंडियाना राज्यातील चुनखडीच्या दगडात, चौदाव्या शतकातील इंग्लिश गॉथिक शैलीत चाललेले बांधकाम बरोबर ८३ वर्षांनी, २९ सप्टेंबर १९९० रोजी, पूर्ण झाले. सनदेबरोबर पैसा मात्र आला नाही. कॅथेड्रलचा नित्य खर्च देणग्यांवर आणि स्वतःच्या उत्पन्नावर चालतो. वास्तू पाहायला येणाऱ्यांना प्रवेशशुल्क पडते, उपासनेला येणाऱ्यांना पडत नाही. नावातील ‘राष्ट्रीय’ हे विशेषण कायद्याने हाती दिलेले नसून दरवर्षी लोकांना आत बोलावून टिकवावे लागते, ही या संस्थेची मूळ परिस्थिती आहे.

वसंतातील उपासनेचा केंद्रबिंदू ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस होय. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या, चर्चच्या गणिताने ठरलेल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार हा ईस्टर मानला जात असल्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो; चंद्रावर अवलंबून असलेल्या सणांची सवय असणाऱ्या मराठी वाचकाला ही रचना अपरिचित वाटणार नाही. ईस्टरपूर्वी भस्म बुधवारपासून लेंट, म्हणजे उपवासाचा आणि आत्मपरीक्षणाचा काळ, सुरू होतो. रविवार वगळता तो चाळीस दिवसांचा असतो. त्या काळात वस्त्रांचा रंग जांभळा असतो, सजावट उतरते आणि ‘हालेलूया’ हा स्तुतिघोष उपासनेतून पूर्णपणे गाळला जातो.

या संयमाच्या काळातच कॅथेड्रलच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रवचन झाले. ३१ मार्च १९६८ रोजी, लेंटमधील एका रविवारी, डॉ. मार्टिन लूथर किंग यांनी येथील कँटरबरी व्यासपीठावरून वंशभेद, दारिद्र्य आणि व्हिएतनाम युद्ध या तिन्ही प्रश्नांविषयी सांगितले. रविवारच्या उपासनेत त्यांनी केलेले ते अखेरचे प्रवचन ठरले. ४ एप्रिलला मेम्फिस येथे त्यांची हत्या झाली आणि दुसऱ्याच दिवशी याच कॅथेड्रलमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या उपस्थितीत त्यांच्यासाठी स्मरणप्रार्थना झाली. त्या व्यासपीठाचा दगड इंग्लंडमधील कँटरबरी कॅथेड्रलचा असून त्यावरचे कोरीवकाम बायबल इंग्रजीत येण्याचा इतिहास सांगते. प्रस्थापित सत्तेशी झगडून धर्मग्रंथ लोकभाषेत आणणाऱ्यांच्या त्या प्रतिमांवर उभे राहून झालेले हे प्रवचन त्या परंपरेला शोभणारेच होते.

लेंटचा शेवट पवित्र सप्ताहात होतो. झावळ्यांच्या रविवारी येशूच्या यरुशलेम-प्रवेशाची आठवण म्हणून झावळ्या हाती घेऊन मिरवणूक निघते. पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या प्रसंगाला अनुसरून, पाय धुण्याचा विधी होतो आणि प्रभुभोजनानंतर वेदीवरील वस्त्रे व पात्रे काढून ती उघडी केली जाते. उत्तम शुक्रवारी क्रूसमरणाचा वृत्तांत वाचला वा गायला जातो. शनिवारच्या रात्रीच्या जागरण-उपासनेत अंधारात नवा अग्नी चेतवून त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती पेटवतात, जुन्या करारातील निर्मितीपासूनचे उतारे वाचतात, बाप्तिस्मे होतात, आणि सहा आठवडे गाळलेला ‘हालेलूया’ पुन्हा उच्चारला जातो. त्यानंतरचा ईस्टरकाळ पन्नास दिवसांचा असतो. त्यात चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण आणि शेवटी पवित्र आत्म्याच्या आगमनाचा पेन्टेकॉस्ट सण येतो.

हा सारा क्रम संगीताशिवाय अपुरा राहील. मुलांचा गायकवृंद १९०९ मध्ये इंग्लिश कॅथेड्रलांच्या धर्तीवर सुरू झाला, १९९७ मध्ये मुलींचा स्वतंत्र वृंद त्याच्या जोडीला आला, आणि खालच्या पट्टीचे स्वर प्रौढ व्यावसायिक गायक सांभाळतात. या वृंदांची खास उपासना म्हणजे ईव्हनसाँग, अर्थात गायिलेली सायंप्रार्थना. सोळाव्या शतकात आर्चबिशप क्रॅनमर यांनी मठांतील संध्याकाळच्या आणि रात्रीच्या प्रार्थना एकत्र करून ती सिद्ध केली. तिच्यात स्तोत्रे, मरीयेचे आणि शिमोनाचे स्तुतिगीत ही ठरलेली पदे असतात, मात्र त्यांच्या चाली टॅलिस आणि बर्ड यांच्यापासून आजच्या रचनाकारांपर्यंत अनेकांच्या असतात. शब्द स्थिर आणि संगीत बदलते, या व्यवस्थेमुळे ऋतूनुसार उपासनेचा भाव पालटता येतो. साथीसाठीचा मुख्य ऑर्गन अर्नेस्ट स्किनर यांच्या कारखान्याने १९३८ मध्ये बसवला आणि पुढील विस्तारांनंतर त्याच्या नळ्यांची संख्या १०,६४७ वर गेली. शहरातील हौशी गायकांना सामावून घेणारी कॅथेड्रल कोरल सोसायटी कॅथेड्रलचे ऑर्गनवादक पॉल कॅलवे यांनी १९४१ मध्ये स्थापन केली. तिच्यामुळे वाद्यवृंदासह गायिल्या जाणाऱ्या मोठ्या धार्मिक रचना उपासनेबाहेर, मैफलीच्या रूपानेही, येथे ऐकायला मिळू लागल्या.

संगीताचा दुसरा स्रोत ३०१ फूट उंचीच्या मध्यवर्ती मनोऱ्यात आहे. १९६४ च्या स्वर्गारोहणदिनी अर्पण झालेल्या या मनोऱ्यात घंटांचे दोन पूर्ण वेगळे संच आहेत. पहिला कॅरिलॉन : लफबरो येथील जॉन टेलर कंपनीने ओतलेल्या त्रेपन्न घंटा, ज्यांत सर्वांत लहान १७ पौंडांची आणि सर्वांत मोठी सुमारे २४,००० पौंडांची आहे, येथे घंटा स्थिर राहतात, आणि एकच वादक लाकडी दांड्यांच्या पट्टीवर मुठींनी व पायांनी आघात करून त्यांचे लोलक हलवतो, त्यामुळे पूर्ण चाल वाजवता येते. दुसरा संच दहा घंटांचा. त्यांतील प्रत्येक घंटा एका माणसाच्या दोरीवर पूर्ण वर्तुळात फिरते, म्हणून तिचा वेग फारसा बदलता येत नाही आणि चाल वाजवणे अशक्य होते. त्याऐवजी घंटांचा क्रम गणिती नियमाने बदलत नेतात. दहा घंटांचे एकूण ३६,२८,८०० क्रम संभवतात, त्यांपैकी सुमारे पाच हजार क्रम एकही पुन्हा न येऊ देता वाजवायला तीन तासांहून अधिक वेळ लागतो. ही कला महाराष्ट्रालाही परकी नाही : पुण्याच्या पंचहौद भागातील पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यात याच टेलर कारखान्याच्या आठ घंटा आहेत, आणि ते देवालय ज्या उत्तर भारतीय चर्चचे आहे ते एपिस्कोपल पंथाप्रमाणेच जागतिक अँग्लिकन परिवाराचे घटक आहे.

उपासनेचा क्रम चंद्र ठरवत असला, तरी कॅथेड्रलच्या सर्वांत मोठ्या लोकमेळ्याची वेळ नागरी दिनदर्शिकेने बांधलेली आहे. मे महिन्याच्या आरंभी, शुक्रवारी आणि शनिवारी, भरणारा फ्लॉवर मार्ट १९३९ मध्ये सुरू झाला. तो भरवणारी ऑल हॅलोज गिल्ड ही स्वयंसेवी मंडळी १९१६ पासून सुमारे ५७ एकरांच्या आवारातील बागांची देखभाल करते. या आवाराची आखणी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड (धाकटे) यांनी केली; त्यात मध्ययुगीन मठाच्या बागेच्या नमुन्यावरची बिशपची बाग आणि ओक व बीच वृक्षांचे जुने रान आहे. मेळ्यात रोपे व फुले विकली जातात, राजधानीतील वकिलाती पुष्परचना मांडतात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा कोरीव लाकडी प्राण्यांचा गोल पाळणा मुलांसाठी फिरतो, आणि जमलेला पैसा पुन्हा बागांवर खर्च होतो. येणाऱ्यांत कोणत्याही धर्माचे आणि कोणताच धर्म न मानणारेही असतात. त्यांना श्रद्धेविषयी विचारले जात नाही.

एका विशिष्ट पंथाच्या देवालयाने ‘राष्ट्रीय’ म्हणवून घ्यावे काय, हा आक्षेप बहुधर्मी अमेरिकेत रास्तच आहे, आणि राजकीय समारंभ त्याचे समाधान करू शकत नाहीत, कारण त्यांतून सत्तेशी जवळीकच दिसते. वसंतातील कार्यक्रम मात्र अधिक चांगले उत्तर देतात : येथे पंथ आपली उपासना पातळ न करता करतो, व्यासपीठ सत्तेला अप्रिय प्रश्न विचारणाऱ्यालाही देतो, आणि बाग व मनोऱ्याचा नाद कोणालाही अट न घालता खुला ठेवतो. २३ ऑगस्ट २०११ च्या भूकंपात मनोऱ्यांचे कळस कोसळले आणि त्यांची महागडी दुरुस्ती अनेक वर्षे चालू राहिली, तरी हा वार्षिक क्रम मोडला नाही. त्यामुळे या संस्थेचे मोठेपण मोजायचे तर तिच्या दगडांपेक्षा तिच्या कालक्रमावरून मोजणे अधिक न्याय्य ठरेल.