मांजरसुंब्याचा चढ आणि तीन नद्यांचं पाणी

बालाघाटाला शिखर नाही. सह्याद्रीत डोंगर चढला की माथा लागतो आणि पलीकडे उतार सुरू होतो. बीडहून दक्षिणेला निघून मांजरसुंब्याचा घाट चढलात की मात्र तुम्ही वरच राहता. पुढे पाटोद्यापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे पठारच पठार. या एका पायरीने बीड जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. खाली गेवराई-माजलगावची गोदाकाठची काळी जमीन, वर पाटोदा-आष्टी-केजचं मुरमाड, हलकं रान. मोटारीतून ही पायरी काही मिनिटांत मागे पडते आणि लक्षातही राहत नाही. सायकलीवर ती मांड्यांना चांगली कळते.

माझा मित्र वरच्या भागातला, मी खालचा. मे महिन्यात सायकलीवर सौताड्याला जायचं त्यानेच ठरवलं. बीडपासून साठेक किलोमीटर. तिथला धबधबा पाहायला लोक पावसाळ्यात जातात. "कोरडा धबधबा बघायला एवढी तंगडतोड?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "हिरवं झालं की सगळेच डोंगर सारखे दिसतात. आता चल, दगड दिसतील."

पहाटे बीड सोडलं. सोलापूर रस्त्याने थोडं पुढे गेलं की खजाना बावडी लागते. निजामशाहीत, सोळाव्या शतकात, सलाबतखानाच्या काळात ती बांधली गेली. विहिरीतलं पाणी भुयारी पाटाने शेतांकडे नेलेलं आहे. मोट नाही, पंप नाही, सगळा कारभार जमिनीच्या उतारावर. ज्या उताराला आम्ही पुढे दोन तास शिव्या घालणार होतो, त्याचा असा उपयोग चारशे वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचला होता. पुढे पालीजवळ बिंदुसरेचं धरण आणि तिथून घाट.

चढाचा हिशेब सोपा आहे. बीड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास, वरचं पठार काही ठिकाणी आठशेच्या पुढे. म्हणजे साधारण तीनशे मीटर चढायचे. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले तर तेवढी उंची गाठायला लागणारी ऊर्जा फक्त ६० किलोकॅलरी. पण शरीर आपल्या इंधनातला जेमतेम चौथा हिस्साच कामाला लावतं, बाकीचा घामात जातो. म्हणून खर्च २४० च्या घरात. दोन ज्वारीच्या भाकरी समजा. मित्राने हे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग पिठलंही धर."

घाटात खरा त्रास चढाचा नव्हे, वाहनांचा. हा राष्ट्रीय महामार्ग ५२ आहे, सोलापूर-धुळे वाहतुकीचा. ट्रक शेजारून गेला की हँडल हलतं. आम्ही कडेच्या पांढऱ्या पट्टीबाहेर, एकामागे एक, सगळ्यात हलक्या गिअरवर. त्या वेगात रस्त्यासाठी कापलेला डोंगर नीट वाचता येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, काही घट्ट, काही भुसभुशीत. भुसभुशीत थर आधी झिजतो, घट्ट थर कडा धरून राहतो, आणि डोंगर पायऱ्यांचा होतो. मे महिन्यात सीताफळीची झुडपं जवळजवळ निष्पर्ण असतात, त्यामुळे हे थर उघडे दिसतात. बालाघाटाच्या याच खडकाळ उतारांवरच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगल्या जमिनीत हे झाड इतकं गोड होत नाही, असं मित्राचं मत. घाटावरच्या माणसाचं मत म्हणून ते घ्यावं.

मांजरसुंब्याला चहा झाला. (नगरजवळ डोंगरगणच्या बाजूला किल्ल्याचं मांजरसुंबं आहे, ते वेगळं.) जवळच कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे आणि कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. आम्ही मात्र पश्चिमेला पाटोद्याच्या रस्त्याला लागलो. या बाजूला नायगाव मयूर अभयारण्य आहे, १९९४ मध्ये जाहीर झालेलं. मोर दिसला नाही, आवाज मात्र ऐकला.

इथून पुढे सायकलस्वार नकळत पाणलोटाच्या धारेवरून चालतो. मागे सोडलेली बिंदुसरा उत्तरेला उतरते, सिंदफणेला मिळते आणि मंजरथला गोदावरीत जाते. सरळ, जवळचा रस्ता. मांजरा याच पठारावर, गवळवाडीच्या परिसरात, ८२३ मीटर उंचीवर उगम पावते. तीही गोदावरीलाच जाते, पण ७२४ किलोमीटरचा वळसा घालून, कर्नाटकातून तेलंगणात. वाटेत तिच्यावर केज तालुक्यात धनेगावचं धरण आहे आणि खाली निजामाच्या राजवटीत १९३१ मध्ये पुरा झालेला निजामसागर. सौताड्याची विंचरणा मात्र या दोघींकडे पाठ फिरवते. ती जामखेडकडे जाऊन सीनेला मिळते, तिथून भीमा आणि मग कृष्णा. एका सकाळच्या सायकलफेरीत दोन मोठी खोरी पायाखालून जातात, आणि मध्ये कुठे भिंत नाही, एखादा नजरेत न भरणारा चढ फक्त.

तो चढ किती महागात पडतो हे लातूरला विचारावं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी पुरवणारा धनेगावचा तलाव आटला आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. ते पाणी कृष्णेचं होतं.

सौताड्याला पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. दरीच्या तोंडाशी काळा, कोरडा कडा, खाली झाडीत रामेश्वराचं मंदिर. पाण्याची धार पडते ती जागा दगडावर स्पष्ट ओळखू येते. पावसाळ्यात गर्दीत हे दिसत नाही. इथे मित्राचं म्हणणं मला पटलं.

मात्र उन्हाळ्यात जाण्याचं खरं कारण दगड नव्हे, माणसं. हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. हलक्या जमिनीवर एक पीक येतं, तेही भरवशाचं नाही. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. माणसांची मोजणी हत्याराने करणारी ही पद्धत मला कधी पचली नाही. हंगाम संपला की एप्रिल-मेमध्ये टोळ्या परततात, लग्नं लागतात, पारावर माणसं दिसतात. एका वस्तीवर पाणी मागितलं तर म्हातारीने आधी सायकलींकडे पाहिलं. "गाडी न्हाई का बाबांनो?" मग पाण्यासोबत गूळ दिला. घरात सून होती, नातवंडं होती. दिवाळीनंतर गेलो असतो तर बहुधा ती एकटीच भेटली असती.

१७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली आहे, तेव्हा बाहेरच्यांनाही हे आता अवघड नाही. माणशी तीन लिटर पाणी घ्या, उजाडायच्या आत बीड सोडा, घाटात शेजारी-शेजारी चालवू नका आणि उतरताना फक्त पुढच्या ब्रेकवर भिस्त ठेवू नका. दिवाळीपर्यंत वरच्या गावांतून टोळ्या निघालेल्या असतात. दिवाळीच्या सुटीत जाऊ नका, मे महिन्यात जा.